सातपट की दहापट

९ नोव्हेंबर १९८६, रविवार

पैज लागली! मी नाही लावली, देवरावभाऊने लावली — हे आधी लिहून ठेवतो. उद्या कमला म्हणेलच, "तुम्हीच उकरून काढलं असेल." बायकोपुढे नाही तरी निदान या पानावर खरं राहू दे.

सकाळी मामा तलावावर — माजी मालगुजारी, म्हणून मामा — गेलो. गळ्यात नवी दुर्बीण. जपानी, दहापट, चाळीस मिलिमीटरचं भिंग! इसरू माझा जुना विद्यार्थी, आता जहाजावर असतो. परवा घरी आला, पाया पडला आणि डबा हातात ठेवला — "सर, तुम्ही आम्हाला मेलेले बेडूक दाखवले. आता तुम्ही जिवंत काहीतरी पाहा." माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. वीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवतोय, असं कोणी बोललं नव्हतं.

तर पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, देवरावभाऊ आधीच बसलेला. देवराव नन्नावरे — जंगलखात्याचा रिटायर नाकेदार, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, पस्तीस वर्षं जंगल राखलं आणि आता तलाव राखतो. कोणी सांगितलेलं नाही, आपलाच समजून राखतो. त्याच्या गळ्यात त्याची जर्मन सातपट. एक गोरा शास्त्रज्ञ तीन हिवाळे इकडे पक्षी पाहायला यायचा, देवराव त्याला फिरवायचा. शेवटी जाताना त्याने आपल्या गळ्यातली काढून याच्या गळ्यात घातली. ही गोष्ट मी किमान चाळीस वेळा ऐकली आहे. दर वेळी देवराव त्या ठिकाणी मान थोडी वाकवून दाखवतो.

त्याने माझी दुर्बीण हातात घेतली, तोलली, डोळ्यांना लावली. म्हणाला, "मोठं दाखवते, मास्तर. पण हालते. न् उजेड कमी."

मी म्हणालो, "भाऊ, सात ते सात, दहा ते दहा. पहिलीतलं पोरगं सांगेल."

"मंग लाव पैज! जानेवारी येतपर्यंत दर रविवारी यायचं. दोघायनं तलाव मोजाचा. कोणाची दुर्बीण खरी ते पाहू."

जानेवारी अशासाठी की तेव्हा पाणपक्ष्यांची गणना असते. नागपूरची पक्षीमित्रांची संस्था करते, आणि प्रत्येक तलावाला एक प्रमुख नेमते. आमच्या तलावाचा प्रमुख गेली पाच वर्षं देवराव. मी त्याच्या हाताखाली वही धरून आकडे लिहिणारा. नेमणुकीचं पत्र जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात येतं. खरं सांगू? यंदा मला प्रमुख व्हायचं आहे. अशी दुर्बीण गळ्यात घालून वही कोण धरेल!

११ नोव्हेंबर

कमला — "आता जेवतानाही गळ्यातच का?" काढून ठेवली.

१६ नोव्हेंबर, रविवार

पहिली मोजणी. पंच म्हणून सोमाजी ढिवर. तो तलावातले शिंगाडे काढतो, डोंग्यात बसून सगळा तलाव हिंडतो, त्याला दुर्बिणीचं काही कौतुक नाही. म्हणाला, "तुम्ही दोघं काचेतून पाहा जी, मी नुसत्या डोळ्यानं पाह्यतो."

मी — तीनशे बारा. देवराव — दोनशे चाळीस!

मी इतका खूश झालो की लपवता आलं नाही. सोमाजीने अंदाज विचारल्यावर "तीनशेच्या वर आहेत बाप्पा" म्हटलं. म्हणजे मीच बरोबर.

त्याच्या मोजण्याची पद्धतच जुनाट आहे. बांबूच्या डेपोत नाकेदार मोजत तसं — वीस झाले की एक खडा खिशात, पुन्हा एकपासून सुरू. वीस बांबूंचं बंडल, एक खडा. शेवटी खिसा उलटा करायचा आणि खडे मोजायचे. बारा खडे निघाले. मी म्हणालो, "भाऊ, खिसा फाटका असेल. तीन-चार खडे पाळीवर सांडले तुमचे." तो हसला. खिशात बोट घालून पाहिलंसुद्धा नाही.

वर मलाच शिकवतो! "तू बदकाईच्या मागं धावते, मास्तर. बदकाईले नोको मोजू, पाण्याले मोज. उजव्या कोपऱ्यातून सुरू कर, पाण्याचा एकेक पट्टा सरकवत ये. बसलेले आंधी. उडते मागून." बहात्तरने हरलेला माणूस जिंकलेल्याला धडे देतो. आणि मी ऐकून घेतलं, कारण मनातून आनंद झाला होता.

२० नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली. प्रयोगशाळेत दोन्ही दुर्बिणींचं गणित फळ्यावर मांडलं. भिंगाचा व्यास भागिले पट, म्हणजे डोळ्यात शिरणाऱ्या उजेडाच्या गोळ्याची रुंदी. माझी चाळीस भागिले दहा — चार. त्याची बेचाळीस भागिले सात — सहा. मुलं म्हणाली, "सर, सहा जास्त." मी म्हणालो, "हा भाग परीक्षेला नाही."

२३ नोव्हेंबर, रविवार

मी — तीनशे. तो — अकरा खडे, दोनशे वीस.

या वेळी अन्नपूर्णावहिनी स्वतः पाळीवर आल्या होत्या, डब्यात भाकर आणि वांग्याची भाजी घेऊन. मी खिशाचं बोललो तर फणकारल्या — "खिसा मीच पाह्यला. कुठी फाटला नाई. माह्या नवऱ्याच्या खिशाचं नाव नोको घेऊ जी, मास्तर." देवराव खाली पाहून भाकर खात होता. मी गंमत म्हणून बोललो होतो. त्यांना एवढी का लागली कळलं नाही.

दुर्बिणींविषयी प्रामाणिकपणे लिहायचं तर — त्याची हातात जास्त चांगली बसते. माझी अर्ध्या तासाने थरथरते. म्हणजे माझा हात थरथरतो, आणि ती तो थरथरणं दहापट करून दाखवते. त्याच्या गोलात तलाव जास्त मावतो. माझ्या गोलात चक्रवाकाची एक जोडी मावते, पण तिच्या अंगावरचं एकेक पीस दिसतं. कमळपक्ष्याची लांब बोटं पानावर कशी पसरतात ते मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. हे त्याच्या सातपटीत दिसत नाही. पण त्याचा पट्टा रुंद असताना त्याचा आकडा कमी का? रुंद पट्टेवाल्याने जास्त मोजायला हवेत.

वय झालं असेल. कंटाळा करत असेल.

३० नोव्हेंबर, रविवार

आज वाचायची परीक्षा. अक्षरं लहान-लहान होत जाणारा एक पुठ्ठा मी रंगवून नेला. सोमाजीने तो पलीकडच्या बाभळीला बांधला.

देवराव जिंकला! माझी दहापट असून मी सातव्या ओळीत अडखळलो. त्याने सातपटीतून आठवी ओळ वाचली, 'ढ' सकट. "ढ म्हंजे तू," म्हणाला. सोमाजी डोंग्यातच हसून हसून वाकला. हात स्थिर असला की सात दहाला भारी पडतात, हे आज मान्य करावं लागलं. इथेच करतो, त्याच्यासमोर केलं नाही.

म्हणजे नजर तर त्याची चोख आहे. मग रविवारी शंभर पक्षी कुठे जातात?

परतताना पाळीच्या उतारावर डोंग्याचा दोर ताणलेला होता. मला दिसला, मी ओलांडला. देवराव अडकून पडला, गुडघा सोलला. "चप्पल निसटली," म्हणाला. चप्पल पायातच होती.

६ डिसेंबर

सकाळी विहारात गेलो. बाबासाहेबांना अभिवादन. पांढऱ्या कपड्यांत सगळी वस्ती. छप्पन्न साली मी बावीस वर्षांचा होतो, माझे वडील मला घेऊन नागपूरला दीक्षेला गेले होते, येताना बैलगाडीत म्हणाले होते, "आता जे डोळ्यांनी दिसेल तेच मानायचं, वामन. कोणी सांगितलं म्हणून नाही." का कोण जाणे, आज हेच आठवत राहिलं.

७ डिसेंबर, रविवार

आजचं आजच लिहितो.

सकाळी नेहमीसारखं मोजलं. मी तीनशे वीस, तो अकरा खडे. मग मीच म्हणालो, "भाऊ, आता बदलून पाहू. तुमची मला द्या, माझी तुम्ही घ्या." विज्ञानाच्या मास्तराला हे महिनाभर सुचू नये! दोन गोष्टींत फरक दिसला तर एक बदलायची, दुसरी तशीच ठेवायची, हे मी आठवीला शिकवतो.

त्याची दुर्बीण घेऊन मी मोजलं — तीनशे चौतीस. वाढले! पट्टा रुंद, उजेड भरपूर, पाणकावळ्यांच्या मागे दडलेली टिबुकलीसुद्धा सापडली. आणि माझी घेऊन तो — अकरा खडे. पुन्हा अकराच.

म्हणजे आकडा दुर्बिणीमागे गेला नाही. माणसामागे गेला.

परत येताना त्याच्या डाव्या बाजूने चाललो. सोमाजीने दिलेला शिंगाडा हातात होता. तो हात लांब करून त्याच्या कानाच्या बाजूला धरला, जिथे कोणाच्याही डोळ्याच्या कोपऱ्यात दिसतो. तो बोलत राहिला. थोडा पुढे आणला. बोलत राहिला. गालाजवळ आणला. अगदी नाकासमोर आल्यावर म्हणाला, "दे इकडे, सोलून खातो." मी उजव्या बाजूला गेलो, दुसरा शिंगाडा धरला. तेच.

समोरचं बारीक अक्षर वाचतो आणि बाजूचं काहीच नाही. म्हणून दोर. म्हणून काठावरचे पक्षी, कोपऱ्यातल्या अडया म्हणजे शीळ घालणारी बदकं, सगळं त्याच्या मोजणीतून गळून जातं. आणि मी त्याच्या खिशाला भोक असल्याची थट्टा करत होतो. मला माझी लाज वाटते.

८ डिसेंबर

शाळेच्या कपाटातलं शरीरशास्त्राचं पुस्तक. डोळ्याचं प्रकरण तीनदा वाचलं. काही धड कळलं नाही.

११ डिसेंबर, गुरुवार

दर गुरुवारी नागपूरहून डोळ्यांचे डॉक्टर येतात, त्यांच्याकडे गेलो. "माझ्या एका ओळखीच्या माणसाचं" म्हणून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि कागदावर लिहिलं — काचबिंदू. डोळ्यात दाब वाढतो, नजर कडेकडून मरत मरत आत येते. दुखत नाही, म्हणून माणसाला कळत नाही.

मी विचारलं, "गेलेलं परत येतं?"

"नाही. उरलेलं राखता येतं. थेंब टाकावे लागतात, रोज. तुमच्या ओळखीच्या माणसाला लवकर आणा. आठवडे मोजू नका."

घरी आलो. कमलाला सांगितलं. ती पोळ्या लाटायची थांबली. "मग बसलात काय? जा, सांगा त्यांना."

सांगायचं कसं? गणनेचं पत्र तीन आठवड्यांवर आलंय. मी आज म्हटलं, "भाऊ, तुमचे डोळे गेलेत," की उद्या प्रमुख कोण? मी! गाव काय म्हणेल ते सोडा, देवराव काय समजेल? की मास्तराने जागेसाठी माझे डोळे काढले. आणि महिनाभर मला तेच तर हवं होतं — तो हरावा, मी प्रमुख व्हावं. आता ते असं मिळणार असेल तर मला नको.

१४ डिसेंबर, रविवार

आज एक मूर्खपणा केला. तीनशे सत्तावीस मोजले आणि मोठ्याने सांगितलं — "दोनशे चाळीस!" म्हटलं, त्याच्या जवळपास राहू, म्हणजे त्याला वाईट वाटणार नाही.

देवराव ताडकन उठला. "काऊन इतके कमी? पश्चिमेच्या कोपऱ्यातल्या अडया कुठी गेल्या? त्या धरल्याच नाई तू! परत मोज!"

"भाऊ, असू द्या—"

"परत मोज म्हणतो ना! असा मोजशील तर कचेरीवाले तलावच नकाशातून काढतीन."

उन्हात उभं करून पुन्हा मोजायला लावलं. पट्टा, पट्टा, पट्टा. मला खरा आकडा सांगावा लागला. तेव्हा कुठे खाली बसला. सोमाजी माझ्याकडे पाहत होता. नंतर पाणी द्यायला आला तेव्हा हळूच म्हणाला, "असं नोका करू, मास्तर. नाकेदार साहेबाले खोटं चालत नाई."

म्हणजे सोमाजीलाही माहीत आहे.

१८ डिसेंबर

आज गुरुवार. डॉक्टर आले आणि गेले. सांगणार होतो. सांगितलं नाही.

२१ डिसेंबर, रविवार

संध्याकाळच्या उजेडाची परीक्षा ठेवली होती. सूर्य बुडाल्यावर कोणाच्या दुर्बिणीत जास्त वेळ दिसतं? त्याच्या. निर्विवाद. माझी सव्वासहाला काळी पडली. त्याच्या जर्मनमधून मी आणखी दहा-बारा मिनिटं तलवार बदकाच्या मानेवरची पांढरी रेघ पाहत होतो. इतकी सुरेख वस्तू! "म्हणून म्हणत होतो उजेड, उजेड," म्हणाला. त्याला उजेडाची एवढी ओढ का, हे मला आता कळतं.

उतरताना धानाच्या पेंढ्यांची बंडी डावीकडून येत होती. घुंगरं वाजत होती, गाडीवान ओरडत होता. देवराव चालतच राहिला. मी दंड धरून ओढला. बैलाचं शिंग त्याच्या सदऱ्याला घासून गेलं. गाडीवान म्हणाला, "डोळे फुटले का गा म्हाताऱ्या!"

देवराव नुसता उभा राहिला. मग म्हणाला, "आवाज आला होता मले. कोणत्या बाजूनं ते समजलं नाई."

त्याचा दंड मी घरापर्यंत सोडला नाही. त्यानेही सोडवून घेतला नाही. भिऊन गेलो होतो मी. अजूनही भीती गेलेली नाही. आता सांगायलाच हवं, मग काय व्हायचं ते होवो.

२८ डिसेंबर, रविवार

सांगितलं.

मोजणी झाल्यावर पाळीवर बसलो होतो. सारसाची जोडी पलीकडच्या धानाच्या बांधीत उतरली होती. मी म्हणालो, "भाऊ, तुमच्या दुर्बिणीत काही खोट नाही. माझ्याही नाही. तुम्हाला कडेचं दिसत नाही." पुढचं सगळं भडाभडा — शिंगाडे, डॉक्टर, काचबिंदू, थेंब. "मला प्रमुख व्हायचं नाही. तुम्हीच व्हा. मी तुमच्या बाजूला बसून कडेचं सांगेन, कोणाला कळणार नाही. पण नागपूरला चला. माझ्यासोबत चला."

त्याने दुर्बीण डोळ्यांना लावली आणि सारसांकडे पाहत म्हणाला — "हे डोळ्याले लावली ना मास्तर, का तू न् मी बराबर होतो. तुलेबी गोलातलंच दिसते, मलेबी गोलातलंच, जरा लहान. खाली केली का तुले सारं रान. मले गोलच."

मी रडलो. बावन्न वर्षांचा माणूस, पाळीवर बसून. त्याने पाठीवर हात ठेवला नाही, काही नाही. दुर्बीण डब्यात ठेवली, उठला, "चाल, उशीर झाला," म्हणाला आणि एकटाच निघाला. मी मागून गेलो तर म्हणाला, "नोको येऊ. रस्ता पाठ आहे."

तोडलं मी त्याला. सांगायला नको होतं, की आधी सांगायला हवं होतं? दोन्ही खरं वाटतं.

३१ डिसेंबर

अन्नपूर्णावहिनी घरी आल्या. कमलाशी बोलायला म्हणून आल्या आणि माझ्यासमोर बसल्या.

"तुम्ही झुरून राह्यले म्हणते कमलाबाई. म्हणून आली. त्याईले माहीत हाय जी. दोन सालापासून."

"काय माहीत आहे?"

"काचबिंदू. नागपूरले जातो आमी दर दोन महिन्यानं. गावात सांगतो, पाव्हणपणाले चाललो. थेंबाची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाजवळ ठेवतो मी. एक दिवस चुकला नाई."

अंगातलं सगळं ओझं उतरलं — थेंब चालू आहेत! माझ्या गप्प बसण्याने त्याचं काही गेलं नाही. देवा-बिवाला मी मानत नाही, पण कोणाचे तरी आभार मानावेत असं वाटलं. वहिनींचेच मानले.

"माझ्यावर रागावलेत का?"

"राग नाई जी. आजपर्यंत कोणी तोंडावर म्हटलं नव्हतं. तुम्ही म्हटलं. तेच पचवून राह्यले."

मग मी विचारलं, की हे लपवायचं होतं तर पैज का लावली? दर रविवारी माझ्यासोबत मोजायचं, म्हणजे एक ना एक दिवस मला कळणारच. वहिनी म्हणाल्या, "मले काय समजते त्यातलं? त्याईलेच विचारा."

४ जानेवारी १९८७, रविवार

पाळीवर तो आला नाही. पाच वर्षांत पहिल्यांदा.

एकट्याने मोजलं. उजव्या कोपऱ्यातून, पट्टा पट्टा सरकवत. बसलेले आधी, उडते मागून. पश्चिमेच्या कोपऱ्यातल्या अडया धरल्या. तीनशे छप्पन्न. पुन्हा मोजलं — तीनशे छप्पन्न. आकडा सांगायला बाजूला कोणी नव्हतं.

सोमाजीने विचारलं, "साहेब काऊन नाई आले?" मी म्हणालो, "येतील." त्याने शिंगाडे बांधून दिले, "त्यांच्या घरी द्या." दारापर्यंत गेलो. वहिनींच्या हातात दिले आणि आत न जाता परत आलो. पत्र आलं नाही अजून. येऊच नये असं वाटतं. त्याचं नाव नसेल तर त्याला काय तोंड दाखवू?

८ जानेवारी १९८७, गुरुवार

पत्र आलं. तलावाचा प्रमुख — मी. सोबत देवरावच्या अर्जाचा मूळ कागद जोडलेला, त्याच्या नाकेदारी अक्षरात. उतरवून घेतो —

"अर्ज सादर करण्यास कारण की, माझी नजर साथ देत नाही. तरी माझे जागी श्री. वामन रामटेके, शिक्षक, यांस नेमावे. सदर इसम मोजण्यात घाई करतात व चूक लवकर कबूल करीत नाहीत, परंतु माणूस खरा आहे. काही निमित्त काढून दर रविवारी त्यांस तलावावर आणतो व जानेवारीपर्यंत तयार करून देतो."

खाली सही आणि तारीख — ३ ऑक्टोबर १९८६.

पैज नोव्हेंबरात लागली होती.